आधी टँकर, मागून युद्धनौका : ब्रिजटनचं प्रकरण

२४ जुलै १९८७ च्या सकाळी पर्शियन आखातात एक विचित्र वरात चालली होती. सगळ्यात पुढे ब्रिजटन नावाचा चार लाख टनी टँकर. त्याच्या पुढच्या भागात भगदाड पडलेलं आणि तो वेग कमी करून सरकत होता. त्याने कापलेल्या पाण्यातून, एका ओळीत, अमेरिकेच्या युद्धनौका त्याच्या मागे येत होत्या. त्या नौका या टँकरचं रक्षण करायला आल्या होत्या. पुढे आणखी पाणसुरुंग असतील तर ते टँकरनेच आधी अंगावर घ्यावेत, एवढीच आता त्यांची योजना उरली होती.

याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. तो सरळ हिशेब होता. ब्रिजटन साडेतीनशे मीटरहून लांब, आत अनेक बंदिस्त टाक्या; त्यांतल्या तीन-चार भरल्या तरी बाकीच्या त्याला तरंगत ठेवतात. शिवाय तो कुवेतला माल भरायला चालला होता, म्हणजे रिकामाच होता. युद्धनौकेचं पोट पातळ पत्र्याचं, आत दारूगोळा, इंधन आणि शेकडो माणसं. ज्या सुरुंगाने ब्रिजटनला नुसतं भोक पडलं, तोच किड किंवा क्रोमेलिन या मागून येणाऱ्या युद्धनौकांपैकी एखादीच्या पोटाखाली फुटला असता तर कदाचित त्या नौकेचा कणाच मोडला असता. पुढच्या वर्षी अगदी तसंच झालं, ते पुढे येईलच.

सागरी सुरुंगांचा व्यापाराला नेमका काय आणि कसा त्रास होतो हे समजून घ्यायला मला हे एकच प्रकरण पुरेसं वाटतं. स्फोटात फारसं नुकसान झालं नाही. माणूस एकही गेला नाही. टँकर स्वतःच्या इंजिनावर कुवेतला पोहोचला. तरीही त्यानंतरचे कित्येक महिने आखातातल्या व्यापाराची घडी विस्कटलेली राहिली.

कुवेतची अडचण

इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० मध्ये पेटलं. इराकची आखातातली बंदरं पहिल्याच फटक्यात निकामी झाली, त्यामुळे इराकचं तेल पाइपलाइनने बाहेर जाऊ लागलं. इराणचं तेल मात्र खार्ग बेटावरून जहाजांनीच निघत होतं. १९८४ पासून इराकी विमानं त्या जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडू लागली. इराणने बदला घ्यायचा तर कुणाच्या जहाजांवर? इराकची जहाजं समुद्रात नव्हतीच. मग इराकला पैसा पुरवणाऱ्या कुवेतच्या आणि सौदी अरेबियाच्या मालाकडे मोर्चा वळला. सौदीकडे निदान देशभर आडवी जाऊन तांबड्या समुद्रावरच्या यानबूला पोहोचणारी पाइपलाइन होती. कुवेतकडे आखाताखेरीज दुसरी वाटच नव्हती. मिना अल अहमदी या कुवेतच्या तेलबंदराहून निघालेला प्रत्येक टँकर इराणच्या किनाऱ्यासमोरून होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडणार, हे ठरलेलं.

कुवेतने मग चलाख खेळी केली. मदत अमेरिकेकडेही मागितली आणि सोव्हिएत रशियाकडेही. रशियाने आपले तीन टँकर भाड्याने दिले. रशियाचं पाऊल आखातात पडतंय म्हटल्यावर अमेरिका लगेच तयार झाली. मात्र अमेरिकी नौदल अमेरिकी झेंड्याच्याच जहाजांना संरक्षण देणार. तेव्हा कुवेतच्या अकरा टँकरांवर अमेरिकी झेंडा चढवायचं ठरलं. कागदोपत्री मालकी अमेरिकेत नोंदवलेल्या एका कंपनीकडे गेली आणि नावं बदलली. अल रेक्काचं ब्रिजटन झालं, गॅस अल मिनागिशचं गॅस प्रिन्स.

या सगळ्या तयारीत सगळ्यांची नजर आकाशाकडे होती. १७ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या स्टार्क या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर इराकी विमानाने दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली होती, त्यात ३७ नौसैनिक गेले होते. होर्मुझच्या तोंडाशी इराणने चिनी बनावटीची सिल्कवर्म क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती. त्यामुळे रक्षणाला आलेल्या नौका विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडण्यात तरबेज होत्या. सुरुंग झाडणारी एकही नौका बरोबर नव्हती.

इशारा मिळाला नव्हता असंही नाही. स्टार्कवर हल्ला झाला त्याच सुमारास कुवेतने भाड्याने घेतलेला रशियन टँकर मार्शल चुइकोव्ह अहमदीच्या जलमार्गात सुरुंगावर गेला होता, आणि पुढच्या महिनाभरात त्याच पट्ट्यात आणखी तीन जहाजांना दणका बसला. सौदीच्या माइनस्वीपरांनी, म्हणजे सुरुंग झाडणाऱ्या नौकांनी, आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या परदेशी माणसांनी तो जलमार्ग साफ केला. साफ केला तेवढाच पट्टा साफ झाला. अलीकडच्या शेकडो मैलांच्या वाटेवर कुणी सुरुंग शोधले नव्हते.

ब्रिजटन आणि गॅस प्रिन्स २२ जुलैला होर्मुझच्या बाहेरून निघाले. सामुद्रधुनी ओलांडल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला असणार. वाट कोणती, वेळ कोणती, हे जगभरच्या वर्तमानपत्रांत आलेलं होतं. पुढे फारसी बेटाजवळ, जिथे इराणी क्रांतिरक्षकांचा तळ होता, तिथे लहान होड्यांनी वाटेवर सुरुंगांची एक ओळ टाकून ठेवली होती. सकाळी सातच्या आधी ब्रिजटनच्या पुढच्या भागाशी त्यातला एक फुटला.

झाडू मारायचा म्हणजे काय

तो सुरुंग ज्या घाटाचा होता तो आराखडा १९०८ चा, म्हणजे झारच्या रशियातला. तंत्र इतकं साधं की हसू यावं. तळाशी एक वजनदार नांगर, त्याला पोलादी दोर, आणि दोराच्या टोकाला पाण्याखाली थोड्या खोलीवर अडकून तरंगणारा गोळा, आत शंभर किलोहून अधिक स्फोटक. गोळ्यावर शिशाची शिंगं. शिंगाच्या आत आम्लाने भरलेली काचेची कुपी. जहाज घासलं की शिंग वाकतं, कुपी फुटते, आम्लाने आतली छोटी बॅटरी जिवंत होते आणि स्फोट होतो. कुठलंही रडार नको, उपग्रह नको. मासेमारीच्या बोटीतूनसुद्धा ढकलून देता येतो.

तो काढायचं काम मात्र भलतंच कटकटीचं आहे. जुनी पद्धत अशी : माइनस्वीपर मागे लांबच लांब तार ओढत जातो. तिच्या टोकाला तरंगता फ्लोट, त्याच्याखाली तार बाजूला फाकवून धरणारी फळी, आणि जागोजागी कातर. सुरुंगाचा दोर या तारेत अडकला की कातरला जातो, गोळा वर उसळतो, मग त्याला बंदुकीने फोडायचं किंवा बुडवायचं. चुंबकीय आणि आवाजावर फुटणाऱ्या सुरुंगांसाठी वेगळी साधनं ओढावी लागतात, जी मोठ्या जहाजाचं सोंग घेतात. नवी पद्धत म्हणजे शिकार : सोनारने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्राने, तळाचा एकेक चौरस तपासायचा, संशयास्पद वस्तू दिसली की बुडी मारणारा माणूस किंवा दूरवरून चालणारं यंत्र पाठवून पाहायचं. हे करताना नौका माणसाच्या चालीच्या वेगाने सरकते. आणि चुंबकीय सुरुंग लोखंड ओळखतात म्हणून ही जहाजं लाकडाची किंवा फायबरची बांधतात.

आखाताचा तळ या कामाला फारच वैरी. सरासरी खोली पस्तीसेक मीटर, पाणी खारट, वरच्या-खालच्या थरांत तापमानाचा फरक, त्यामुळे सोनारचा आवाज वाकडातिकडा जातो. तळाशी तेलाचे पिंप, बुडालेली गलबतं, नळांचे तुकडे, दशकांचा कचरा. पाण्यावरही फसवणूक. ऑस्ट्रेलियाहून जिवंत मेंढ्या घेऊन आखातात येणारी जहाजं वाटेत मेलेल्या मेंढ्या समुद्रात टाकत. फुगलेला मेंढा पाय वर करून तरंगू लागला की दुर्बिणीतून तो थेट शिंगं असलेल्या सुरुंगासारखा दिसे. त्या वर्षी कित्येक पहारेकऱ्यांनी मेंढ्यांवर गोळ्या झाडल्या.

व्यापारी जहाजाच्या कप्तानाला या सगळ्यातलं एकच कळायला हवं असतं : वाट मोकळी आहे का? सुरुंग झाडणारा पाण्यातून गोळे काढत असला तरी त्याचं खरं काम इथे सुरू होतं. त्याला 'नाही' हे सिद्ध करायचं असतं. एकदा फिरून काही सापडलं नाही, याचा अर्थ काही नाही असा होत नाही. कदाचित तार उथळ होती. कदाचित सुरुंग मुद्दाम असा लावला असेल की पहिली चार जहाजं सोडून पाचव्याला फुटावा. तसे मोजणी करणारे सुरुंग आहेतच. शिवाय रात्री कुणी पुन्हा येऊन दोन टाकून गेला तर कालची साफसफाई आज कामाची नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण ब्रिजटनच्या तीन वर्षं आधीचं. १९८४ च्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात आणि सुएझच्या आखातात अनेक जहाजांना अचानक स्फोटांचे हादरे बसले. संशय घाट नावाच्या लिबियन जहाजावर गेला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली, सगळ्यांनी आपापले सुरुंगशोधक पाठवले. आठवडेच्या आठवडे तळ चाळून नवा म्हणावा असा एकच सुरुंग ब्रिटिशांच्या हाती लागला. तोवर वाहतूक भीतीने चालत होती. झाडूला केर लागला नाही म्हणून अंगण स्वच्छ होतं, की झाडू चुकीचा होता, हे ठरवायचं कुणी?

मोजायचं काय

सुरुंग झाडण्याने व्यापार कुठे कुठे अडतो, ते ब्रिजटननंतरच्या घटनाक्रमात लख्ख दिसतं. पहिला अडथळा वेळेचा. पुढचा ताफा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघेपर्यंत सगळे थांबले. कुवेतच्या दोन टग बोटी, हंटर आणि स्ट्रायकर, भाड्याने घेऊन त्यांच्यामागे झाडायची तार बांधली. जगातल्या सर्वांत मोठ्या नौदलाची ही अवस्था होती. अमेरिकेकडे सुरुंग झाडणारी जहाजं होती, पण बहुतेक १९५० च्या दशकात बांधलेली, लाकडी, आणि बरीचशी राखीव दलाकडे सोपवलेली. नाटोच्या वाटणीत हे काम युरोपीय मित्रांकडे, अशी समजूत होती. ताबडतोब पाठवता येण्यासारखी होती ती आरएच-५३डी ही मोठी हेलिकॉप्टरं, जी ग्वादलकॅनाल या नौकेवर आली. लाकडी जहाजं सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाली. अटलांटिकवरची तीन तर दुसऱ्या जहाजाने ओढत न्यावी लागली. दहा हजार मैल. त्यांतलं इन्फ्लिक्ट नोव्हेंबरमध्ये कामाला लागलं आणि आखाताच्या उत्तर भागात त्याने सुरुंग पकडायला सुरुवात केली. कोरियन युद्धानंतर अमेरिकी जहाजाने झाडून काढलेले हे पहिले सुरुंग.

दुसरा अडथळा जागेचा, आणि याकडे फार जणांचं लक्ष जात नाही. वाट झाडली जात असतानाच ती वाट बंद असते. आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांत सुरुंग काढणाऱ्या नौकेसाठी स्वतंत्र कलम आहे : रात्री तीन हिरवे दिवे, दिवसा तीन गोळे, आणि इतर जहाजांनी हजार मीटरच्या आत येणं धोक्याचं असा त्याचा अर्थ. जिथे माइनस्वीपर तार ओढत फिरतो, तिथे टँकरला जागा नाही. होर्मुझच्या जलमार्गाच्या येण्याजाण्याच्या पट्ट्या दोन-दोन सागरी मैलांच्या, मध्ये तेवढाच मोकळा पट्टा. अशा ठिकाणी काम सुरू झालं की वाहतूक वाटून सोडावी लागते, घाटातल्या रस्त्याच्या एकेरी वाहतुकीसारखी. त्यातही टँकरला पसंतीने वाट बदलता येत नाही. मोठा टँकर भरला की त्याला वीस मीटरहून जास्त पाणी लागतं. साफ झालेला पट्टा उथळ असेल तर त्याच्या काही उपयोगाचा नाही. रिकामा जाताना उंच तरंगणारा टँकर ज्या सुरुंगावरून सहज निघून गेला, तोच परतीच्या वाटेवर भरल्या पोटाने त्याला घासू शकतो. म्हणून एका जहाजाचा सुखरूप प्रवास पुढच्या जहाजाच्या सुखरूपतेचा पुरावा होत नाही, आणि कप्तान ते जाणून असतात.

तिसरा अडथळा विम्याचा. जहाजाच्या वार्षिक विम्यात युद्धाचा धोका धरलेला नसतो. लंडनच्या विमा बाजारातली एक समिती कोणता समुद्र धोक्याचा हे जाहीर करते, आणि त्या पट्ट्यात शिरण्याआधी मालकाला वाढीव हप्ता भरावा लागतो, तोही बहुधा एका फेरीपुरता, काही दिवसांसाठी. उदाहरणादाखल गणित मांडू. सहा कोटी डॉलरच्या जहाजावर अर्धा टक्का हप्ता म्हणजे तीन लाख डॉलर. त्यात वीस लाख बॅरल तेल असेल तर बॅरलमागे पंधरा सेंट. ही रक्कम कुणालाच फारशी जाणवणार नाही. पण तेच जहाज बाहेर नांगर टाकून दहा दिवस थांबलं तर? भाड्याचा मीटर चालूच, डेमरेज म्हणजे जहाज खोळंबल्याचा आकार चालूच, आणि हप्त्याची मुदत संपली की तो पुन्हा भरा. मालवाहू जहाजात सिमेंट किंवा तांदूळ असला, म्हणजे मालाची किंमतच कमी, तर हाच हप्ता एकदम जड होतो. तेलाला विमा झेपतो; तांदळाला झेपत नाही. आखातातली वाण्याची दुकानं याची किंमत मोजतात, आणि वर्तमानपत्रांत ती कधी छापून येत नाही.

चौथं, माणसं. युद्धक्षेत्रात जाणाऱ्या खलाशांना वाढीव पगार द्यावा लागतो, आणि नकार देण्याचा हक्कही असतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत त्या काळी कुणीतरी 'बोटीवर' होतं. एकाच रात्री रेडिओवर दोन वेगवेगळ्या जहाजांची नावं आली की ती घरं जागी राहत. मालकाला मात्र आकडा दिसतो : कर्मचारी खर्च.

थांबण्याची जागाच धोक्याची

ऑगस्टमध्ये प्रकरण होर्मुझच्या बाहेर गेलं, आणि खरं म्हणजे इथेच ते गंभीर झालं. होर्मुझ ओलांडण्याआधी जहाजं संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा आणि खोर फक्कानसमोर नांगर टाकून थांबतात. ताजा माल भरतात, खलाशी बदलतात, आदेशाची, विम्याची, ताफ्याची वाट पाहतात. आखाताचा हा दिवाणखाना आहे म्हणा ना. १० ऑगस्टला याच पाण्यात टेक्साको कॅरिबियन हा टँकर सुरुंगावर गेला. पाच दिवसांनी अनिता नावाचं छोटं पुरवठा जहाज बुडालं, त्यात माणसं गेली.

टेक्साको कॅरिबियनच्या पोटात कोणाचं तेल होतं? इराणचं. इराकी विमानांमुळे इराण आपलं तेल छोट्या टँकरांनी खार्गहून होर्मुझच्या जवळच्या लारक बेटाकडे आणत असे आणि परदेशी जहाजं तिथून भरून नेत. तसंच भरलेलं हे जहाज. सुरुंग टाकणाऱ्याला तो कोणाच्या गिऱ्हाइकाला फाडणार हे ठरवता येत नाही, ही या शस्त्राची मोठी अडचण आहे, आणि ती टाकणाऱ्याच्याही अंगाशी येते.

आंतरराष्ट्रीय कायदा याबाबत १९०७ पासूनच बोलतोय. हेगच्या त्या करारानुसार दोर तुटून मोकळा सुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे. आखातातले तसे होत होते का, हे एखाद्या रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या खलाशाला विचारायला हवं होतं.

फुजैरासमोरच्या स्फोटांनी युरोपची मरगळ संपली. तोवर लंडन आणि पॅरिस नको म्हणत होते. मग एकदोन दिवसांतच ब्रिटनने आणि फ्रान्सने आपले सुरुंगशोधक पाठवायचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये इटली, बेल्जियम आणि नेदरलँड्सही आले. ब्रिटनच्या हंट वर्गातल्या नौका, ब्रेकन, बायसेस्टर वगैरे, काचतंतूच्या बनावटीच्या आणि शिकारीला तयार. त्यांचं येणं महत्त्वाचं ठरलं, कारण आता 'ही वाट आम्ही तपासली' असं म्हणणारा कुणीतरी विश्वासू माणूस बाजाराला मिळाला. शेवटी विमा कंपनीला आणि कप्तानाला हाच शब्द हवा असतो. माझ्या मते या प्रकरणात कळीचा प्रश्न तोच : कोणाच्या शब्दावर जहाजाने नांगर उचलायचा. व्यापारी जहाजांनी त्याचं आपलं उत्तर आधीच शोधलं होतं. ताफा दिसला की त्यांतली कितीतरी न सांगता मागे लागत, जणू पावसात पुढच्या माणसाच्या छत्रीखाली शिरणारा.

सुरुंग टाकताना कुणी रंगेहाथ सापडतो का, हाही तेव्हा मोठा प्रश्न होता. कारण कुणी टाकला हे सिद्ध झालं नाही तर कायदा आणि राजकारण दोन्ही अधांतरी. २१ सप्टेंबरच्या रात्री तेही झालं. जॅरेट या फ्रिगेटवरून उडालेल्या अमेरिकी हेलिकॉप्टरांनी इराण अज्र नावाच्या जपानी बनावटीच्या जहाजावरून काहीतरी पाण्यात ढकललं जाताना पाहिलं आणि गोळीबार केला. सकाळी जहाज ताब्यात घेतलं तर डेकवर नऊ सुरुंग जसेच्या तसे. शिवाय आधी कुठे सुरुंग टाकले याचे नकाशे. झाडणाऱ्यांना एवढी मोठी भेट क्वचित मिळते.

दीड हजारांचा गोळा

यानंतर वाटलं असेल, आटोपलं. पण १४ एप्रिल १९८८ ला सॅम्युअल बी. रॉबर्ट्स ही फ्रिगेट बहरीनच्या पूर्वेला सुरुंगावर गेली. खलाशांना पाण्यात आधी तीन गोळे दिसले होते; नौका मागे सरकवताना चौथ्यावर बसली. कणा मोडला, साधारण साडेचार मीटरचं भोक पडलं, आग लागली, आणि खलाशांनी रात्रभर झगडून ती वाचवली. कोणी मेलं नाही. दुरुस्तीला सुमारे नऊ कोटी डॉलर लागले. सुरुंग दीड हजार डॉलरचा असावा असा अंदाज सांगितला गेला. पाण्यातून काढलेल्या तशाच सुरुंगांचे क्रमांक इराण अज्रवरच्या क्रमांकांशी जुळले. १८ एप्रिलला अमेरिकेने सासन आणि सिरी या समुद्रातल्या इराणी तेल फलाटांवर हल्ला केला आणि दिवस संपेपर्यंत इराणच्या दोन युद्धनौका तळाशी गेल्या.

सुरुंगांच्या गोष्टीत पैशाचं गणित नेहमी याच एका बाजूने झुकलेलं असतं. टाकणाऱ्याला नेमकी जागा साधावी लागत नाही. समोरचा जिथे जिथे जाऊ शकतो ती प्रत्येक जागा मात्र झाडणाऱ्याला तपासावी लागते. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने कुवेतच्या किनाऱ्यासमोर हजारांहून अधिक सुरुंग पेरले. १८ फेब्रुवारीला काही तासांच्या अंतराने ट्रिपोली आणि प्रिन्सटन या दोन अमेरिकी नौका त्यांवर गेल्या. लढाई महिना-दीड महिन्यात संपली, सुरुंग काढायला मात्र अनेक देशांच्या नौकांना महिनोन्महिने लागले. जपाननेही त्या कामाला आपले माइनस्वीपर पाठवले.

तेलाचा भाव का नाही पेटला

इथे वाचकाला खटकेल : मग १९८७ मध्ये तेलाचे भाव आभाळाला का नाही भिडले? ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने त्या वर्षी बॅरलमागे १८ डॉलर असा दर ठरवला होता. त्या उन्हाळ्यात भाव वीसच्या वर गेले आणि पुन्हा खाली आले. कारण १९८६ मध्येच बाजार कोसळला होता, जगात तेलाचा महापूर होता, आणि सौदीकडे न काढलेलं कितीतरी तेल राखीव होतं. सौदीला यानबूची वाट होती. आणखी एक गोष्ट : आखातातून जाणाऱ्या जहाजांपैकी खरोखर मार बसलेली जहाजं एकूण वाहतुकीत थोडीच होती. युद्ध चालू असतानाही होर्मुझ एक दिवसही बंद पडली नाही.

म्हणून सुरुंगांनी तेल थांबवलं असं म्हणणं चूक. त्यांनी तेल महाग केलं, तेही भावफलकावर दिसणार नाही अशा रीतीने. विमा, पगार, थांबणं, वळसा, ताफ्याची रांग या छोट्या छोट्या नोंदींमधून. आज मात्र हेच गणित जसंच्या तसं लागू करता येणार नाही. २०२४ मध्ये होर्मुझमधून दिवसाला सुमारे दोन कोटी बॅरल तेल जात होतं, जगाच्या वापराच्या जवळजवळ पंचमांश, आणि त्यातलं बहुतेक आशियाकडे, म्हणजे आपल्याकडेही येत होतं. तो जादाचा पुरवठा आणि ती राखीव क्षमता आखातातच अडकून पडली तर १९८७ चा दिलासा मिळणार नाही.

आपल्याकडची सुरुंगांची बाजू पाहिली तर फार हेवा वाटत नाही. भारतीय नौदलाचे सोव्हिएत बनावटीचे माइनस्वीपर एकेक करून निवृत्त झाले. शेवटची कोझिकोड २०१९ मध्ये गेली. नवीन बारा जहाजं गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीच्या मदतीने बांधायचं ठरलं होतं. तो प्रस्ताव २०१८ मध्ये मागे घेतला गेला. २०२५ च्या जुलैत नव्याने मंजुरी मिळाली. मंजुरी मिळालेलं जहाज पाण्यात उतरायला किती वर्षं जातात, ते वास्कोच्या कामगारांना विचारावं.

बिल कोणाला?

ब्रिजटन दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागला. इराण मात्र १९९२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला : अमेरिकेने आमचे तेल फलाट फोडले, १९५५ च्या मैत्री आणि व्यापार कराराचा भंग केला. अमेरिकेने उलट दावा टाकला. त्यात ब्रिजटन होता, टेक्साको कॅरिबियन होता, सॅम्युअल बी. रॉबर्ट्स होता. त्याच्या जोडीला आणखी एक मुद्दा मांडला गेला : सुरुंगांमुळे आखातच धोक्याचं झालं, विमा वाढला, पगार वाढले, व्यापाराचं स्वातंत्र्य गेलं.

६ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल लागला. फलाटांवरचे हल्ले स्वसंरक्षणाच्या नावाखाली बसत नाहीत, असं न्यायालय म्हणालं. पण इराणला भरपाई मिळाली नाही, कारण त्या वेळी त्या फलाटांचं तेल दोन्ही देशांमधल्या व्यापारात जातच नव्हतं. अमेरिकेचा उलट दावाही त्याच कसोटीवर पडला. ज्या जहाजांची नावं होती त्यांपैकी एकही इराण आणि अमेरिका यांच्या प्रदेशांमधल्या व्यापारासाठी प्रवास करत नव्हतं. ब्रिजटन कुवेतकडे चालला होता. टेक्साको कॅरिबियनमध्ये इराणचं तेल होतं, पण झेंडा पनामाचा आणि तेल निघालं होतं युरोपकडे. वाढलेल्या विम्याचा आणि पगाराचा मुद्दाही त्या करारात बसला नाही.

सोळा वर्षांनी हिशेब मिटला तो असा : फुजैरासमोर थांबलेल्या जहाजांच्या मालकांनी भरलेले हप्ते आणि डेमरेज, ज्याने भरले त्याच्याच खात्यात राहिले.